दोन स्वेनुंग

आमच्या घरात जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची वर्दळ जास्त, आणि त्यांना घरी आणते माझी बायको. रात्रीचं जेवण उरकलं, ताटल्या धुऊन झाल्या, की आस्लाउग स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडते आणि चर्चची जुनी दप्तरं वाचायला बसते. ती सगळी आता पडद्यावर मिळतात. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांचं किरटं अक्षर. एकेक नाव ती पुटपुटते, मी समोर बसून कॉफी पितो. मी आयुष्यभर डेअरीचा दुधाचा टँकर चालवला, त्यामुळे या खोऱ्यातलं शेतन् शेत मला ठाऊक. तिनं एखाद्या शेताचं नाव घेतलं की मी सांगतो, तिथला चढ वाईट, किंवा तिथलं कुत्रं चावरं होतं. पूर्वजांच्या कार्यात माझा हातभार तेवढाच.

हे सुरू झालं आमचा मुलगा गेल्यावर. नोव्हेंबरात, पहिल्या बर्फात, ओंडक्यांचा ट्रक घेऊन तो खाली येत होता आणि नदीकाठच्या वळणावर ट्रक उलटला. बत्तीस वर्षांचा होता. लग्न झालेलं नव्हतं. मला लोक दुकानात भेटतात आणि विचारतात, कसा आहेस हाल्वोर? मी म्हणतो, बरा आहे. थाप मारत नाही मी. मला खरंच काही होत नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं माझं झालं आहे. दफनानंतरच्या जेवणात मी सॅमन मासा लावलेले पाव एकामागून एक खाल्ले, आणि ते चांगले झाले होते असं मला वाटल्याचं आठवतं. आस्लाउगनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं.

मुलाचं नाव स्वेनुंग. हे इथे लिहिताना सोपं वाटतं. पण तो गेल्यापासून ते माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नव्हतं. मी ‘तो’ म्हणायचो, ‘आपला मुलगा’ म्हणायचो, नाही तर मिठाची गुळणी धरून बसायचो.

मग इंगुनला दिवस गेले. इंगुन आमची मुलगी, स्वेनुंगपेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती आणि तिचा नवरा सिंद्रे शहरात राहतात. तपासणीत मुलगा असल्याचं कळलं आणि त्याच संध्याकाळी आस्लाउग म्हणाली, “स्वेनुंग येतोय.” विचारलं नाही, सुचवलं नाही, पाहुणा बसमध्ये बसल्याचं सांगावं तसं सांगून टाकलं.

आमच्याकडे नाव म्हणजे घरातला जाड कोट. एक गेला की तो दुसऱ्यानं घालायचा. माझ्या आजोबांचं नाव हाल्वोर, म्हणून मी हाल्वोर. त्यांचा बाप स्वेनुंग, म्हणून आमचा मुलगा स्वेनुंग. जुने लोक तर असं मानत की गेलेल्या माणसाला नाव हवं असलं, की तो घरातल्या पोटुशी बाईच्या स्वप्नात येऊन उभा राहतो. हल्ली कुणी मानत नाही. आस्लाउगही मानत नाही, पण दर रविवारी फोनवर विचारायची मात्र नक्की.

“आला होता का गं?”

“आई, माझ्या स्वप्नात फक्त व्हिनेगरमधले हेरिंग मासे येतात. बरणीच्या बरणी.”

“हसण्यावारी नेऊ नकोस.”

“नेत नाहीये. डॉक्टर म्हणते मीठ कमी खा, म्हणून येत असतील.”

ऑक्टोबरात इंगुन एकटी आली आणि आई दुकानात गेल्याचं पाहून सरपणाच्या खोपटात माझ्याकडे आली. मी बर्चची लाकडं रचत होतो. ती ओंडक्यावर बसली, पोटावर दोन्ही हात ठेवून.

“बाबा, तू सांग तिला.”

“काय?”

“मला हे नाव नकोय.”

“मग ठेवू नकोस.”

“एवढं सोपं असतं तर तुझ्याकडे आले असते का? ती तो भलामोठा कागद करतेय ना, वंशवृक्षाचा. नाताळला देणार आहे मला. सगळ्या खोऱ्यातले मेलेले मिळून मला भरीला घालणार आहेत.” तिनं ओंडक्याची साल नखानं सोलली. “मी विचार करून पाहिला. मी रोज सकाळी ओरडणार, स्वेनुंग, मोजे घाल. स्वेनुंग, नाक पूस. आणि दर वेळी मला ते वळण दिसणार. आणि त्या पोरानं काय घोडं मारलंय कुणाचं? जन्मल्यापासून दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं.”

“हं.”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय. ठेवा काय हवं ते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. ते मला दिसत होतं, आणि आपण जवळ जायला हवं हेही कळत होतं, पण माझ्या हातात लाकूड होतं.

“आई निदान कागदावर रेघा तरी मारते,” ती म्हणाली. “तू अगदी दगड झालास, बाबा.”

ती गेल्यावर मी उरलेली लाकडं रचली. साली वरच्या बाजूला, टोकं एका रेषेत. रास छान झाली होती.

नाताळच्या आधी आस्लाउगच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरनं काही दिवस पडदा बघायचा नाही अशी ताकीद दिली. ती खिडकीशी आरामखुर्चीत डोळे मिटून बसायची, मी तिच्या डोळ्यात थेंब घालायचो, आणि ती तळमळायची. कागद जवळजवळ पूर्ण झाला होता. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला, शाईनं काढलेल्या चौकटी, आणि मधोमध सगळ्यांत मोठ्या चौकटीत माझे पणजोबा, म्हातारा स्वेनुंग. एक्क्याण्णव वर्षं जगलेला. आमच्या घरातली ही एकमेव बढाई. माझ्या वडिलांनी लहानपणी त्याला पाहिलं होतं. तंबाखू थुंकत बसायचा आणि मरायचं नावच घ्यायचा नाही, असं ते सांगत. त्याची कबर आता नाही. इथे कबरीचे पैसे भरणारं कुणी उरलं नाही की ती जागा दुसऱ्याला देतात. पण त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आस्लाउगला पहिल्याच आठवड्यात सापडली होती, १८४१ सालची, आणि तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून रडली होती.

“एकच गोष्ट राहिली,” ती म्हणाली. “त्याचं दृढीकरण. पंधराव्या वर्षी पाद्री पोरांची परीक्षा घ्यायचा आणि शेरा लिहायचा. ज्ञान चांगलं, वर्तन चांगलं. तो शेरा मला त्याच्या चौकटीत लिहायचाय. तू शोध.”

“मला कुठं वाचता येतंय ते अक्षर.”

“वर्षभर माझ्यासमोर बसून कॉफी ढोसतोयस. एवढ्यात गाढवालाही आलं असतं.”

दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर अंधारून आलं होतं. मी दिवा लावला आणि संगणकासमोर बसलो. ती म्हणाली तसं पान काढलं, १८५६. मुलग्यांची यादी वरून खाली वाचली. स्वेनुंग नव्हता. १८५७ मध्येही नव्हता.

“बघतोयस की नुसता पानं उलटतोयस?”

“बघतोय. नाहीये तुझा म्हातारा. नापास झाला असेल.”

“आमच्यात कुणी नापास होत नाही.”

“तुमच्यात नसेल. हा आमच्यातला आहे.”

ती डोळे मिटूनच हसली. सापडला तो १८५९ मध्ये. शेत आमचंच, बापाचं नाव हाल्वोर, आईचं नाव बरोबर. ज्ञान चांगलं, वर्तन चांगलं. आणि शेजारी जन्मतारीख, मार्च १८४४.

“चव्वेचाळीस?” आस्लाउग म्हणाली. “पाद्री चुकला. पाद्री नेहमी चुकतात. एक्केचाळीस. मी स्वतः पाहिलंय, नाव, बाप, शेत, सगळं जुळतंय.”

पाद्री चुकला असेल, म्हणून सोडून द्यायला हवं होतं. पण मी दुधाच्या पावत्या लिहिणारा माणूस, आकडा जुळला नाही तर मला चैन पडत नाही. मी १८४४ चे बाप्तिस्मे काढले. मार्चमध्ये तो होताच. स्वेनुंग, बाप हाल्वोर, तेच शेत. मग मागे गेलो. १८४१ लाही तो होता. स्वेनुंग, बाप हाल्वोर, तेच शेत. मग मी मधल्या वर्षांची दफनं उघडली. बायकोनं शिकवलं म्हणून नव्हे. आता आणखी काय बघायचं राहिलं होतं, हे न शिकवताही कळण्यासारखं होतं.

“काय करतोयस?” ती म्हणाली. “गप्प का बसलास?”

ओळ सापडली. तिला दिसत नव्हतं, म्हणून मला ती मोठ्यानं वाचावी लागली.

“स्वेनुंग,” मी वाचलं. “हाल्वोरचा मुलगा. वय दोन वर्षं. घटसर्प.”

ते नाव मी घेतलं हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं.

आस्लाउगला समजायला वेळ लागला नाही. पहिल्या पोराचा बाप्तिस्मा तिनं दुसऱ्या पोराच्या म्हातारपणाला जोडला होता. दोन मुलांचा तिनं एक माणूस केला होता. इथे ही चूक कुणाचीही होते. बाप तोच, आई तीच, शेत तेच, नाव तेच. पहिला गेला आणि पुढच्या पोराला त्यांनी तेच नाव दिलं. कोट रिकामा झाला होता, तो याला चढवला.

“म्हणजे दिलं त्यांनी परत,” ती हळू आवाजात म्हणाली. “बघ. त्यांनीही तेच केलं. त्यांनाही तसंच वाटलं. परत आला तो त्यांच्याकडे.”

“कोण परत आला?”

“स्वेनुंग.”

“नाही आला. दुसराच कुणी आला.” माझा आवाज चढला होता आणि मला त्याचं नवल वाटत होतं. “दोन वर्षांचं पोर होतं. चालत असेल, बोलत असेल, शेळ्यांच्या मागं लागत असेल. आणि माझ्या बापाला ठाऊक नव्हतं, आजोबांना ठाऊक नव्हतं, तू वर्षभर दप्तरं उकरलीस तर तुलाही दिसलं नाही. का दिसलं नाही? तर त्याच्या नावावर दुसरा येऊन बसला, एक्क्याण्णव वर्षं बसला. अठ्ठ्याऐंशीच वर्षं, खरं तर. स्वेनुंग म्हटलं की सगळ्यांना तंबाखू थुंकणारा म्हातारा आठवतो. त्या पोराला कुणी हाकच मारली नाही पुन्हा. इंगुनच्या पोराला हे नाव दे, आणि दहा वर्षांनी या घरात कुणी स्वेनुंग म्हणालं की सायकलवरचं एक पोर वळून बघेल. आणि आपला कुठं जाईल?”

एवढं मी वर्षभरात बोललो नसेन. आस्लाउगनं डोळे उघडले. एक लाल झालेला होता, त्यातून पाणी येत होतं, पण ते थेंबांचंही असेल.

“आपला आत्ता तरी कुठं आहे?” ती म्हणाली. “कुठं आहे तो, हाल्वोर? या घरात त्याचं नाव कोण घेतं? तू? एकदा तरी? मी बोलायला लागले की तू उठून बर्फ काढायला जातोस. बर्फ नसला तरी जातोस. मी भिंतीशी बोलू? निदान त्या दोन पोरांच्या आईला दारात उभं राहून ते नाव ओरडता तरी येत होतं, दुसऱ्यासाठी का असेना. मला तेवढंच हवं होतं. माझ्या कानावर पडायला हवं होतं.”

ती खरं बोलत होती.

“मला वाटलं तुला नाव परत हवंय,” मी शेवटी म्हणालो.

“मला आवाज हवाय.”

फ्रीज घरघरत होता. आस्लाउगनं रुमालानं डोळा टिपला, डॉक्टरनं नको सांगितलं होतं तसा, चोळून.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “इंगुनला कळव, काय हवं ते नाव ठेव म्हणावं. पण मग हे नाव तू घ्यायचं. रोज. इथे, टेबलावर. नुसतं नाव नाही, काहीतरी सांगायचं त्याच्याबद्दल. मला माहीत नाही असं.”

“रोज?”

“थेंबांसारखं. सकाळ-संध्याकाळ म्हणत नाहीये, एकदा पुरे.”

मी इंगुनला फोन केला. ती म्हणाली, “तू सांगितलंस तिला?” मी म्हणालो, “पाद्र्यानं सांगितलं.” मग आम्ही कागद पसरला आणि आस्लाउगनं बोटानं जागा दाखवली. म्हाताऱ्याच्या चौकटीच्या डावीकडे थोडी रिकामी जागा होती. मी तिथे पट्टीनं लहान चौकट आखली आणि पहिल्या स्वेनुंगचं नाव लिहिलं. माझं अक्षर वाकडं आहे, त्यामुळे कागद थोडा बिघडला. म्हाताऱ्याची तीन वर्षंही कमी केली.

त्यानंतर मी रोज नाव घ्यायला लागलो. हे ऐकायला बरं वाटतं, पण तसं काही नव्हतं. जेवताना बटाटा सोलत मी म्हणायचो, “स्वेनुंग एकदा माझ्याबरोबर टँकरवर आला होता, सात वर्षांचा असताना, आणि वरच्या शेतावर त्या चावऱ्या कुत्र्याला त्यानं तपकिरी चीज खायला घातलं. मग ते कुत्रं त्याला कधी चावलं नाही. मला चावलंच.” आस्लाउग ऐकायची. कधी हसायची. कधी म्हणायची, हे माहीत होतं, दुसरं सांग. मी दुसरं सांगायचो. स्वेनुंग बरणीत बोट घालून जॅम खायचा. स्वेनुंगनं सैन्यातून मला एक पत्र लिहिलं होतं आणि त्यात फक्त बुटांबद्दल होतं. स्वेनुंगला अंधाराची भीती वाटायची, अगदी विशीपर्यंत, आणि ते आईला सांगू नको म्हणाला होता. हे सगळं मी विम्याच्या माणसाला माहिती द्यावी तसं सांगायचो. आत काही हलत नव्हतं. मला वाटलं, हे आता असंच राहणार. बायकोचं काम होतंय ना, मग झालं.

बाळ फेब्रुवारीत झालं. नाव एस्किल. आमच्या घराण्यात आजवर कुणीही एस्किल नव्हता, आस्लाउगनं खात्री करून घेतली. तिनं त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती नुसती बघत राहिली, मग म्हणाली, “एस्किल. बरं. एस्किल तर एस्किल.” आणि त्याचं नाक पुसलं.

बाप्तिस्मा मेमध्ये ठेवला, आमच्याच चर्चमध्ये. बायका खोऱ्याचा भरतकामाचा पोशाख घालून आल्या होत्या, दाराशी चांदीच्या बिल्ल्यांचा आवाज होत होता. एस्किलला घराण्यातला पांढरा लांब झगा घातला होता, त्याच्या पायांच्या खूप खाली लोंबणारा. पाद्रीणबाई नवीन होत्या, जर्मनीहून आलेल्या, तरुण. बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापाशी जायची वेळ झाली तेव्हा इंगुननं बाळ माझ्याकडे दिलं.

“मी कशाला?” मी कुजबुजलो. “आई घेईल.”

“तू घे,” ती म्हणाली.

मी घेतलं. ते जागं होतं, माझ्याकडे बघत होतं, भुवया आक्रसून, कुणीतरी बिल जास्त लावल्यासारखं. एका बाजूला आस्लाउग, दुसऱ्या बाजूला इंगुन आणि सिंद्रे. बाईंनी प्रार्थना म्हटली, कुंडात पाणी ओतलं आणि माझ्याकडे वळून स्वच्छ आवाजात विचारलं, “बाळाचं नाव काय?”

“स्वेनुंग,” मी म्हणालो.

माझ्या आवाजाला चर्चमध्ये जरा जास्तच घुमारा मिळाला. मागे कुणीतरी खाकरलं. इतक्या दिवसांची जिभेला सवय लागली होती, रोज त्याच नावानं वाक्य सुरू करायचं. पण तेवढंच होतं असं मला म्हणता येत नाही. एक लहान, उबदार पोर माझ्या हातात होतं आणि मला नाव विचारलं होतं. माझ्या पोराचं नाव मी सांगितलं. बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आस्लाउग जागची हलली नाही. मला वाटलं, आता इंगुन रागावेल, आणि तिनं रागवावं.

इंगुन माझ्या खांद्याला टेकली. ती कुजबुजली नाही, पाद्रीणबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

“तो याचा मामा, बाबा. हा एस्किल.”

“हा एस्किल,” मी म्हणालो, किंवा म्हणायला गेलो. सिंद्रेनं चटकन पुढे होऊन बाळ माझ्या हातातून घेतलं, कारण माझी पकड सैल झाली होती आणि बाळ पडलं असतं. आस्लाउगनं माझी बाही धरली. बाई हातात पाणी घेऊन थांबल्या होत्या, सगळं गाव बघत होतं, आणि तिथं उभ्या उभ्या मला पहिल्यांदा कळलं की माझा मुलगा मेला आहे.